आधी तुरटी, चुना मागून

४ नोव्हेंबर

ती. मामा,

नमस्कार. मामीलाही सांगा.

फोन करून उपयोग नाही हे मला कळून चुकलंय. गेल्या वेळी मी दहा मिनिटं घसा फोडून ओरडत होते आणि तुम्ही दहा मिनिटं "बरं, बरं" म्हणत होतात. चौतीस वर्षं पंपांच्या शेजारी काढलेल्या कानांना आता काय दोष द्यायचा? म्हणून कागद घेतला.

मामा, माझी इथली पाण्याची गाळणी तुंबतेय. तुमच्या गाळणीत वाळू होती, माझ्या गाळणीत धागे आहेत. बुटाच्या नाडीएवढे जाड, आतून पोकळ. असे हजारो धागे एका जुडग्यात आणि अशी चोवीस जुडगी. पाणी बाहेरून आत ओढायचं. घाण बाहेर राहते आणि स्वच्छ पाणी धाग्याच्या पोटातून निघतं. आम्ही त्याला मेम्ब्रेन म्हणतो. बाहेर साचलेली घाण झटकायला दर चाळीस मिनिटांनी उलटं पाणी सोडून धागे धुवायचे. पहिलं वर्ष हे सगळं घड्याळासारखं चाललं. नंतरचं दीड वर्ष तुंबणं वाढतच गेलं, आणि आता पंधरा मिनिटांतच दाबाचा काटा लाल पट्टीवर जातो. जेवढं पाणी गाळते त्यातलं निम्मं धुण्यात जातं. अर्ध्या वस्तीला दिवसाआड पाणी मिळतंय.

पाणी समितीच्या अध्यक्षबाईंनी काल मला बोलावून सांगितलं, की वीस डिसेंबरच्या सभेपर्यंत सलग सात दिवस पूर्ण पाणी देऊन दाखवा, नाहीतर गाळणीला कुलूप. म्हणजे पुन्हा तळ्याचं पाणी, नुसतं क्लोरिन मारलेलं. ते पाणी पिऊन तीन वर्षांपूर्वी दोन शाळा अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या. तेव्हापासून ही गाळणी बसवा म्हणून मी या लोकांचं डोकं खाल्लंय. ती बंद पडली तर मी कोणत्या तोंडाने रस्त्यावरून चालायचं?

पाणी मेम्ब्रेनमध्ये जाण्याआधी जी तयारी करायची ती मी सगळी तुमच्यासारखीच करते. तुमच्याकडे भिंतीवर होतं तसंच इथे औषधांच्या खोलीत लिहून घेतलंय: "आधी चुना, मग तुरटी." गढूळपणाचं मशीनही पाणी चांगलं म्हणतंय.

सोबत दोन बाटल्या पाठवतेय. एकीत तळ्याचं पाणी, दुसरीत तुरटीनंतर निवळलेलं, मेम्ब्रेनच्या तोंडाशी आलेलं. तुमच्या त्या पद्धतीने उंच ग्लासात ओतून, खाली पांढरा कागद ठेवून, वरून बघा. काय दिसतं ते कळवा.

तुमची,
खडू

*

९ नोव्हेंबर

खडूला आशीर्वाद.

पाटीवरचा खडू खाणारी पोर आज एका वस्तीला पाणी पाजते, हे वाचून बरं वाटलं. तुंबलं ते सोड. तुंबणं गाळणीच्या नशिबातच असतं. न तुंबणारी गाळणी म्हणजे भोक पडलेली गाळणी.

बाटल्या फुटल्या नाहीत. दोन्हींतलं पाणी ग्लासात घेतलं, खाली कागद ठेवला, वरून पाहिलं. तळ्याचं पाणी थोडं राखी. निवळलेलं पाणी चोख, कागदासारखंच. माझ्या काळी असं पाणी दिसलं असतं तर मी साहेबाला उठवून दाखवलं असतं. तेव्हा पाण्यात दोष नाही. दोष तुझ्या नाड्यांत आहे. बुटाच्या नाड्यांनी पाणी गाळायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

तरी एक कर. तुरटी सव्वापट कर. तुरटी वाढवलीस की तेवढाच चुना वाढव, नाहीतर तुरटी गाळ धरत नाही. आणि क्रम मोडू नकोस. आधी चुना, मग तुरटी. नदीला महापूर आला तेव्हा तीन गाळण्या बसल्या, माझी चालू राहिली ती याच नियमावर. तो मी भिंतीवर उगाच रंगवला नव्हता.

तुझी मामी म्हणते, जेवत जा वेळेवर. मी म्हणतो, दाबाचा काटा लाल पट्टीवर असताना माणसाला जेवण जात नाही, हे तिला काय ठाऊक.

मामा

*

१५ नोव्हेंबर

ती. मामा,

तुरटी वाढवली. चुना वाढवला. काटा आता बारा मिनिटांत लाल होतो.

रागावू नका, पण आधी पंधरा मिनिटं होती. परवा दोन जुडगी बाहेर काढून पाहिली. धाग्यांवर चिखल नाही, वाळू नाही. हाताला बुळबुळीत लागतं, साबणाचा हात नीट धुतला नाही की लागतो तसं. उलट्या पाण्याने ते सुटत नाही. ब्लीचमध्ये रात्रभर भिजत घातले की सुटतं, आणि चार दिवसांत पुन्हा हजर. असं वारंवार ब्लीच लावलं तर धागे वर्षभरात ठिसूळ होतील. कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, धागे बदला. मी म्हटलं, बदलेन, पण नवे धागे कशाने तुंबणार नाहीत ते सांगा. तो चहा संपवून गेला.

माझ्याकडचा जुना ऑपरेटर तुम्हाला आवडेल. त्याला सगळे भोंगा म्हणतात; तो बोलला तर तुम्हालाही ऐकू येईल. तो म्हणतो, "ताई, पाणी बघितलं तर गंगाजळ, आणि धागे बघितले तर गटार. मधेच कोण घाण करतंय?"

आता पस्तीसच दिवस उरलेत. पुन्हा दोन बाटल्या पाठवतेय. कृपा करून आणखी एकदा नीट बघा. दिवसाउजेडी, खिडकीपाशी. मशीनपेक्षा मला तुमच्या डोळ्यांवर जास्त भरवसा आहे.

खडू

*

२० नोव्हेंबर

खडूस,

"नीट बघा" म्हणजे काय? मी काय आधी वाकडं बघितलं होतं?

खिडकीपाशी बघितलं, ओट्यावर बघितलं, अंगणात नेऊन बघितलं. पाणी कागदासारखं आहे, ते कागदासारखंच राहणार. नदीच्या पाण्यात चिमूटभर माती जास्त झाली तरी मी लांबून सांगायचो. तुरटी कमी पडत असेल. आणखी वाढव. माझ्या डोळ्यांवर भरवसा आहे म्हणतेस, तर तो ठेव.

मामा

(याच पाकिटात, हिशेबाच्या वहीचं अर्धं पान)

बाळ, हे यांना न सांगता घालते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय.

पाणी पिवळं आहे. दुसऱ्या बाटलीतलंसुद्धा. चहाची पूड गाळायच्या फडक्यात राहून गेली आणि त्यावरून पाणी गेलं तर येतो तेवढा रंग. मी बोलले तर म्हणाले, तुला काय कळतं. पण बाळ, यांना कागदही पिवळाच दिसतो आणि पाणीही, म्हणून दोन्ही सारखं वाटतं. गेले सहा महिने चहा कपाबाहेर ओततात आणि कप सरकला म्हणतात. परवा माझी निळी साडी हिरवी म्हणून सांगितली. डोळ्यांत मोती पिकलेत, दुसरं काय? डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, कान गेले ते पुरे झाले, डोळ्यांचं नाव काढू नकोस.

तू त्यांच्यावर विसंबून आहेस म्हणून लिहिलं. एरवी लिहिलं नसतं.

मामी

*

२४ नोव्हेंबर

प्रिय मामी,

तुझी चिठ्ठी वाचली आणि तडक खाली जाऊन पांढऱ्या बादलीत पाणी भरलं. बादलीभर पाणी, पिवळं. भोंग्याला बोलावलं, त्यालाही दिसलं. दीड वर्ष हे पाणी आमच्या डोळ्यांसमोरून वाहतंय आणि कोणाला दिसलं नाही, कारण आमच्या टाक्या आतून निळ्या आहेत आणि मशीनची कुपी बोटाएवढी. बोटभर पाण्यात रंग दिसतोच कुठे? शिवाय ते मशीन गढूळपणा मोजतं. रंग मोजायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

काय झालंय ते आता कळतंय. दोन वर्षांपूर्वी तळ्याचा बांध उंच केला. काठची झाडी पाण्यात बुडाली. तिची पानं कुजताहेत आणि त्यांचा अर्क पाण्यात उतरतोय. तो गाळासारखा खाली बसत नाही. विरघळलेला असतो. वाळूतून तो सरळ निघून गेला असता, कोणाला पत्ताही लागला नसता. माझ्या धाग्यांना मात्र तो चिकटतो. तीच ती बुळबुळ.

म्हणजे पाणी धाग्यांपर्यंत येण्याआधी तुरटीने गाळाबरोबर हा रंगही ओढून खाली बसवला पाहिजे. दोन दिवस आम्ही ग्लासांत करून बघतोय. चुना नेहमीसारखा आधी; मग तुरटी कमी, तुरटी जास्त, खूप जास्त. गाळ बसतो, रंग तसाच. त्यात इथलं टेबल पंपाच्या धक्क्याने थरथरतं, तुरटीने ग्लासात जमवलेल्या गाळाची फुलं धड बसत नाहीत.

म्हणून एक विनंती. वीस लिटरचा कॅन पाठवतेय. मामांना म्हण, खडूला तुमच्याकडून घरी चाचणी करून हवी आहे. ते सांगतील, तू कर. त्यांना डोळ्यांचं काही बोलू नकोस, पण डॉक्टरकडे ने. मी त्यांच्यावर विसंबले हे खरं आहे. मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांना वाईट वाटावं असं माझ्या हातून होऊ नये एवढंच वाटतं.

खडू

*

२९ नोव्हेंबर

बाळ,

कॅन आला. हे खूश. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षांत कोणी चाचणी करून मागितली नव्हती. खुर्ची ओट्यापाशी ओढून साहेबासारखे बसले.

मला नवीन काहीच नव्हतं. यांच्या गाळणीवरही पंपाच्या धक्क्याने ग्लास थरथरायचे, म्हणून हे पाणी घरी आणायचे आणि ग्लास मीच ढवळायची. हे दारात बसून आकडे म्हणायचे. आधी शंभर आकडे भराभर ढवळायचं, मग दोनशे आकडे हळूहळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. तुझ्या मामेबहिणीला मी आकडे असेच शिकवले.

सहा ग्लास मांडले. सहाही ग्लासांत आधी चुना, मग तुरटी चढत्या मापाने. पाच ग्लास झाले आणि चुन्याचा डबा संपला. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, चुना आण, मग पुढचं. अर्धी चाचणी टाकून मी बाजारात कुठे जाऊ? सहाव्यात चुना घातला असं म्हटलं आणि नुसती तुरटी घातली. यांना कुठे दिसणार होतं.

अर्ध्या तासाने वरून बघितलं. पाच ग्लास पिवळे. सहाव्याखालचा कागद पांढरा. मला वाटलं मलाही मोती आला. पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं. मग दुपारी हे झोपल्यावर पुन्हा केलं, तीन ग्लास, तिन्ही बिनचुन्याचे. तिन्ही पांढरे. तुरटीही सव्वापटीची नाही, तुझी पहिली होती तेवढीच.

यांनी विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, लिहून कळवते.

आता तू सांग मी काय करू? "आधी चुना, मग तुरटी" हे यांचं आयुष्याचं वाक्य आहे. सेवानिवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात तेच म्हटलं, तेव्हा हे रडले होते. मी त्यांना सांगणार नाही. तुझी गाळणी, तू ठरव.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते आहे. कानाचं मशीन बघायला जाऊ म्हणून सांगितलंय.

मामी

*

३ डिसेंबर

ती. मामा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता सरळच लिहिते.

तुमच्या ओट्यावर सहाव्या ग्लासात चुना नव्हता. डबा संपला होता. मामीने तुम्हाला सांगितलं नाही, तिच्यावर रागावू नका. त्या एका ग्लासातला रंग गेला, बाकी पाचांतला राहिला. मी इथे पंपाचा धक्का लागू नये म्हणून ग्लास पहारेकऱ्याच्या खोलीत नेऊन बावीस वेळा तेच केलं. बावीसही वेळा तेच झालं. चुना आधी घातला की पाण्याचा आंबटपणा मरतो, आणि आंबटपणा मेला की तुरटी गाळ धरते पण पानांचा अर्क धरत नाही. चुना न घालता तुरटी घातली की पाणी किंचित आंबट होतं आणि रंग ओढून खाली बसतो.

मामा, हे पुस्तकात होतं. मी ते परीक्षेत लिहून आले होते. पण पुस्तक कपाटात होतं आणि भिंतीवर तुमचं वाक्य होतं. मी दीड वर्ष पुस्तक उघडलं नाही, कारण तुमचा नियम चुकेल असं मला कधी वाटलंच नाही. माझ्या तळ्याला तुमचा नियम लागू नाही. हे मला तुम्हाला सांगावं लागतंय याचं खूप वाईट वाटतंय.

आता एकच अडचण आहे. चुना काढला तर आंबट पाणी थेट नळांत जाईल आणि लोखंडी नळ खाईल. पाण्याला लाल गंज येईल. मेम्ब्रेननंतर चुना घालायचा तर त्याचा भुगा स्वच्छ पाण्यात जाऊन ते पुन्हा गढूळ होईल. काय करू? मला बारा तारखेला सकाळी आठला सुरू करावं लागेल, तरच एकोणीसला सात दिवस भरतील.

उत्तराची वाट बघते.

खडू

*

९ डिसेंबर

ती. मामा,

उत्तर नाही. तुम्ही रागावलात. रागवायला जागाही आहे.

पण बाराला मी सुरू करणार. चुना बंद करणार. नळांचं काय ते बघू, सात दिवसांत नळ फुटत नाहीत. तुम्ही बोलला नाहीत तरी माझं काम मला करायला हवं, आणि तुम्हीच तसं शिकवलंत.

खडू

*

८ डिसेंबर

(हे पत्र ११ तारखेला पोचलं, अक्षर मामीचं)

खडूला आशीर्वाद.

मी सांगतो आहे, मामी लिहिते आहे. पाच तारखेला माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला कानाच्या डॉक्टरकडे म्हणून नेलं आणि खुर्चीत बसवल्यावर समोर अक्षरांचा तक्ता. तुझ्या मामीने मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा फसवलं आणि ते असं. (पहिल्यांदा नाही. - मामी)

आठ दिवस वाचायचं नाही असा डॉक्टरचा हुकूम. तेव्हा तुझं पत्र हिने मला वाचून दाखवलं. म्हणजे ओरडून. आता आमच्या आळीत लहान मुलंसुद्धा सांगतील की चुना आधी घालू नये.

ऐक. पत्र ऐकून मी रागावलो, हे खरं. बावीस वेळा करून बघितलंस ते मला खोटं ठरवायला, असं वाटलं. मग डोळ्यावरची पट्टी निघाली आणि मी पहिलं काम काय केलं, तर तुझी ती दुसरी बाटली ग्लासात ओतली. खाली कागद ठेवला. डावा डोळा उघडा ठेवला, उजवा झाकला. पाणी आणि कागद सारखे. मग डावा झाकला आणि उजव्याने बघितलं. कागद पांढरा आणि पाणी पिवळंधमक. तीन-चार वेळा केलं. दर वेळी तेच. मग हिला म्हटलं, कागद घे.

खडू, मी तुला दोनदा पाणी चोख म्हणून लिहिलं. माझ्या हेक्यापायी तुझा महिना गेला. तुझी गाळणी बंद पडली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

आता नियमाचं. तो माझ्या नदीचा नियम होता. पुराचं पाणी, नुसती माती, आणि मुळातच इतकं हलकं, बिनक्षारांचं, की चुन्याशिवाय तुरटी धरायचीच नाही. तिथे तो खरा होता आणि खराच राहील. मी नदीचा नियम तुझ्या तळ्याला शिकवायला गेलो. मी भिंतीवर "नदीसाठी" एवढं लिहायला हवं होतं. पण चौतीस वर्षं दुसरं पाणी बघितलंय कोणी?

तुझी अडचण सोपी आहे. चुना मेम्ब्रेननंतरच घाल, पण भुगा नको, निवळी घाल. मोठ्या पिंपात चुना कालव, रात्रभर ठेव. भुगा तळाला बसतो, वर नितळ पाणी राहतं. त्या पाण्यात चुन्याचा सगळा गुण असतो आणि भुग्याचा कण नसतो. तेवढंच वरून नळीने घे आणि शेवटच्या टाकीत सोड. दोन पिंपं ठेव. एक निवळत असताना दुसरं वापरायचं. पाण्याचा आंबटपणा जाईल तोवरच सोड, जास्त नको.

बारा तारीख म्हणाली होतीस. आजच पिंपं भर.

मामा

*

२० डिसेंबर

ती. मामा आणि प्रिय मामी,

झालं.

तुमचं पत्र अकराला दुपारी आलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि भोंग्याला हाक मारली. मग तोच ओरडला आणि पलीकडच्या रस्त्यावरून दोन पिंपं आली. संध्याकाळी चुना कालवला. जुनी सगळी जुडगी ब्लीचमध्ये धुतली. बाराला सकाळी आठ वाजता चुन्याचा पंप बंद केला, तुरटी पूर्वीच्या मापावर आणली आणि सगळे दाबाच्या काट्यासमोर उभे राहिलो.

वीस मिनिटं झाली. काटा जागचा हलेना. भोंगा म्हणाला, "ताई, काटा अडकला वाटतं." मी बोटाने टकटक केली. अडकला नव्हता. चाळीस मिनिटं झाली आणि आम्ही ठरल्याप्रमाणे उलटं पाणी सोडलं, तेव्हा काटा लाल पट्टीच्या निम्म्यावरही नव्हता. दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटांवर नेलं, चौथ्या दिवशी एका तासावर. सात दिवसांत एकदाही ब्लीच लागलं नाही. रोज सगळ्या वस्तीला पूर्ण पाणी, सकाळ-संध्याकाळ. टेकडीवरच्या शेवटच्या घरातल्या आजीबाई गाळणीवर येऊन विचारून गेल्या, हे आता असंच राहणार का? मी हो म्हटलं. मामा, हो म्हणताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

निवळीने नळांचं पाणी कालही रोजच्यासारखंच होतं, आंबट नाही आणि गढूळही नाही. कंपनीच्या माणसाने निवळीची पिंपं बघून विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, पुस्तकात नाही, माझ्या मामाकडे आहे.

आज सभा झाली. मी आकडे वाचले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं, "मग दीड वर्ष काय चुकत होतं?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, आम्ही सगळे पाणी बघत होतो आणि कोणाला रंग दिसत नव्हता. तो दिसला माझ्या मामीला, पाचशे किलोमीटर लांबून, आणि उत्तरही तिच्या ओट्यावर निघालं. सभेत हशा पिकला. मी हसले नाही. मग हसू थांबलं आणि अध्यक्षबाईंनी ते टिपणात लिहून घ्यायला सांगितलं. गाळणी चालू राहणार असा ठराव झाला, एकमताने.

मामी, ठरावाचा दुसरा भाग तुझ्यासाठी आहे. ऋतूप्रमाणे तळं बदलत राहणार, तेव्हा दर आठवड्याला ग्लासांची चाचणी झालीच पाहिजे असं ठरलं. माझ्याकडे तीन ऑपरेटर आहेत आणि तिघांच्याही हातात धसमुसळेपणा आहे. ढवळताना तुरटीची फुलं मोडतात. समितीने तुला पंधरा दिवसांसाठी शिकवायला बोलावलंय. वेगळ्या पाकिटात पत्र आहे. ते मामांकडे देऊ नकोस, पाकिटावर नाव तुझंच आहे.

येशील ना?

खडू

*

२५ डिसेंबर

बाळ,

पत्र मिळालं. मी ते यांना आधी दाखवलं नाही. स्वयंपाकघरात नेऊन दोनदा वाचलं. मग दाखवलं. यांनी नव्या डोळ्याने, चष्म्याशिवाय, सगळं मोठ्याने वाचलं, शिक्क्यासकट. मग म्हणाले, "पंधरा दिवस? मग चहाचं काय?" मी म्हटलं, आता कप दिसतो ना.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीच्या अखेरीला आहे. त्याआधी जाऊन यायचं ठरवलंय. दोन तारखेची गाडी आहे. हे म्हणाले, मीही येतो, तुला एकटीला कुठे पाठवू? मी म्हटलं, बोलावणं एकीलाच आहे. मग दोन तास रुसले. मग स्वतःच ट्रंकेतून माझी बॅग काढून पुसून ठेवली. काय न्यायचं त्याची यादी करताहेत. सहा सारखे ग्लास, कागद, लांब दांड्याचा चमचा. मी म्हटलं, ग्लास त्यांच्याकडे असतील. म्हणाले, सारखे नसतात.

तुझ्या ऑपरेटरना सांगून ठेव, माझ्यासमोर घाई चालणार नाही. शंभर भराभर, दोनशे हळू. आकडे चुकले तर पहिल्यापासून. तुझ्या त्या भोंग्याला म्हणावं, आकडे मनातल्या मनात म्हण. यांच्यासारखं घर दणाणून टाकायची गरज नाही.

बाळ, चौतीस वर्षं रोज सकाळी माझा डबा पाण्याच्या गाळणीवर जात होता. मी कधी गेले नाही. आता मी जाते आहे, आणि वाटेतला डबा हे भरून देणार आहेत.

मामी